षटकार नक्की कुणी पाहिला? सलीम दुराणी, वऱ्हाडातले चाहते आणि आठवणींचा पुरावा

मित्रांनो, गेल्या वेळी आपण जुनी वर्तमानपत्रं कशी वाचायची ते पाहिलं. आज आठवणींबद्दल बोलू. माणसं जे सांगतात त्याला इतिहासात पुरावा मानायचं का? मानायचं तर कशाचा पुरावा? पेट परीक्षेच्या तयारीत ‘मौखिक इतिहास : गुण व मर्यादा’ असा एक मुद्दा तुम्ही पाठ केला असेल. मीही केला होता. ‘स्मृती सदोष असते’ हे वाक्य लिहून दोन गुणही मिळवले होते. त्या वाक्याचा खरा अर्थ मला अकोल्यात एका चहाच्या टपरीवर कळला, आणि तोही माझ्याच चुकीमुळे. ती चूक तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

माझा विषय थोडक्यात सांगतो : टीव्ही येण्याआधीचे वऱ्हाडातले क्रीडाप्रेक्षक. म्हणजे खेळाडूंचा नाही, पाहणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा इतिहास.

बातमी आली तो दिवस

२ एप्रिल २०२३, रविवार. आयपीएल नुकतीच सुरू झाली होती. जामनगरहून बातमी आली की सलीम दुराणी गेले. वय ८८. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर श्रद्धांजलीचे पंधरा-वीस मजकूर जमा झाले. वडिलांच्या वयाच्या लोकांचे जास्त. मी ते सगळे एका फोल्डरमध्ये साठवले. (ही सवय लावून घ्या. आज फॉरवर्ड म्हणून पुसून टाकाल, तो दहा वर्षांनी दस्तऐवज असतो.)

दुसऱ्या दिवशी ते सलग वाचले तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांत त्याच चार-पाच गोष्टी आहेत. प्रेक्षक ज्या बाजूने ओरडतील त्या बाजूला दुराणी षटकार मारायचा. देखणा होता, सिनेमात काम केलं. काबूलमध्ये जन्मला. त्याला वगळलं तेव्हा लोकांनी ‘नो दुराणी, नो टेस्ट’ अशा पाट्या लावल्या. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं : असा राजा माणूस पुन्हा होणे नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल, म्हणून आधी कागदावरचा दुराणी सांगतो. डावखुरा फलंदाज, डावखुरा फिरकी गोलंदाज. वडील अब्दुल अझीझ हे स्वतः यष्टिरक्षक. पुढे ते कराचीला गेले आणि तिथे हनीफ मोहम्मदला त्यांनी घडवलं. मुलगा भारतातच राहिला. सौराष्ट्र, गुजरात आणि मुख्यतः राजस्थानकडून खेळला. पहिली कसोटी १ जानेवारी १९६० ला मुंबईच्या ब्रेबॉर्नवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. शेवटची फेब्रुवारी १९७३ मध्ये, पुन्हा ब्रेबॉर्नवरच, इंग्लंडविरुद्ध. या तेरा वर्षांत फक्त २९ कसोट्या. धावा १२०२, सरासरी २५.०४, शतक एकच. बळी ७५.

आकडे पाहून तुम्ही म्हणाल, बरा खेळाडू होता. एवढं रडण्यासारखं त्यात काय?

आकड्यांच्या आतल्या काही गोष्टी पाहा. १९६१-६२ मध्ये भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका पहिल्यांदा जिंकली, २-० ने. जिंकलेल्या दोन्ही कसोट्यांत दुराणीच होता : कोलकात्यात ८ बळी, मद्रासला १०. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. ती कसोटी आपल्याला गावसकरच्या पदार्पणासाठी आठवते. पण दुसऱ्या डावात गारफिल्ड सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवणारा आणि क्लाइव्ह लॉइडला बाद करणारा दुराणी होता. आणि इतकं करून त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं.

चाहत्यांच्या मनातला सल इथला आहे. ‘आमच्या माणसाला कधी पुरतं खेळूच दिलं नाही.’ हा सल लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

श्रद्धांजली हे कोणत्या प्रकारचं साधन?

संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर दुराणीबद्दल आपल्याकडे तीन थर आहेत. पहिला थर धावफलकाचा. दुसरा त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा : नागपूरचे ‘तरुण भारत’, ‘हितवाद’, मुंबईचे अंक. तिसरा थर मृत्यूनंतर बाहेर आलेल्या आठवणींचा. नवा विद्यार्थी या तिघांची उतरंड लावतो. धावफलक सर्वांत खरा, वर्तमानपत्र त्याखाली, आठवण सगळ्यात तळाला.

इथे जरा थांबा. ‘मागणीनुसार षटकार’ ही गोष्ट घ्या. धावफलक काय सांगेल? षटकार मारला, एवढंच. त्याआधी पूर्वेच्या स्टँडमधून हजार माणसं ओरडली होती का, त्याने तिकडे बघून बॅट उचलली होती का, हे लिहायला धावफलकात रकानाच नाही. म्हणजे हा दावा धावफलकाने सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही. ज्या साधनाकडे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही, त्याला तो प्रश्न विचारून ‘पुरावा नाही’ असं लिहिणं ही पद्धतीतली चूक आहे.

उलट बाजूही आहे. श्रद्धांजली हे फार गुळगुळीत साधन असतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे खडबडीत भाग घासून जातात. वीस जणांनी एकच किस्सा सांगितला म्हणजे वीस साक्षीदार झाले, असं नाही. वीस जणांनी एकच लेख वाचला असंही असू शकतं. माझ्या फोल्डरमधल्या मजकुरांत काही वाक्यं तर शब्दशः तीच होती. म्हणून किस्सा सांगणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘हे खरं का?’ असा नको. ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असा हवा.

आणि वऱ्हाडात तर हा प्रश्न अनिवार्यच आहे. कारण मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. अकोला-अमरावतीत तेव्हा टीव्ही नव्हता. दुराणीची अख्खी कारकीर्द इथल्या लोकांनी कानांनी पाहिली. ट्रान्झिस्टरवर, पानठेल्यावरच्या रेडिओवर, समालोचन नीट कळत असो वा नसो. तरी तुम्ही मुलाखत घ्यायला जा, दहातले आठ जण म्हणतील, “पाह्यलं ना!”

अकोल्यातला षटकार

मे महिन्यात मी अकोल्याला गेलो. एका जिनिंग-प्रेसिंगमधून निवृत्त झालेले गृहस्थ, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. त्यांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी त्यांना काकाजी म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. गांधी रोडजवळच्या टपरीवर बसलो. ऊन असं की चहा घेतानाही घाम. मी संमतीपत्रावर सही घेतली, रेकॉर्डर सुरू केला.

दुराणीचं नाव काढताच काकाजी सरळ होऊन बसले.

“नागपूरच्या टेस्टमधी पाह्यला मी त्याले. न्यूझीलंडसंगं होती. आमी पोट्टे वरडलो, सिक्सर, सिक्सर! त्यानं आमच्याकडं असं पाह्यलं, अन् दुसऱ्याच बॉलले देल्ली ठेवून. बॉल आमच्या डोक्यावरून गेला, बाप्पा. माह्या डोयानं पाह्यलं.”

पाच मिनिटं ते तो षटकार सांगत होते. हात, खांदा, मान सगळं त्यात होतं. इतकी जिवंत मुलाखत मला तोवर मिळाली नव्हती.

एकच अडचण होती. नागपुरात पहिली कसोटी झाली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्धच. भारत ती १६७ धावांनी हरला. पुढची नागपूर कसोटी झाली १९८३ मध्ये, म्हणजे दुराणी निवृत्त होऊन दहा वर्षं उलटल्यावर. आणि १९६९ च्या त्या संघात दुराणी नव्हता. १९६६ नंतर तो थेट १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला कसोटी खेळला.

मी काय केलं? जे करायला नको तेच. मोबाइलवर धावफलक उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, “काकाजी, दुराणी त्या सामन्यात नव्हता. हे बघा.”

त्यांनी चष्मा लावला, अकरा नावं वाचली. पुन्हा वाचली. मग मोबाइल माझ्याकडे सरकवत म्हणाले, “त्या कागदात आमचं नाव हाये का?”

मला कळलं नाही. मी म्हणालो, “तुमचं कसं असेल?”

“मंग? आमी गेलो नोव्हतो का?” असं म्हणून ते उठले. “बंद कर ते.” रेकॉर्डिंग एकोणीस मिनिटांवर संपलं.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. दावा तपासला, खोडला, वहीत ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारला. बडनेरा येईपर्यंत ती खुशी ओसरली होती. कारण मग मनात आलं : माणूस साफ खोटं बोलत असेल तर तो इतकं बारीक का सांगेल? आणि बरोबर याच सामन्याचं का सांगेल? विदर्भ आणि राजस्थान दोघेही रणजीत मध्य विभागात होते. ‘रणजीच्या सामन्यात पाहिला’ असं सांगितलं असतं तर ते सहज पटण्यासारखं होतं. त्यांनी नेमका न पटणारा सामना का निवडला?

अमरावतीतली दुसरी बाजू

बोलण्याच्या ओघात काकाजींनी एका मित्राचा उल्लेख केला होता. दोघं बरोबर नागपूरला गेले होते. काकाजी अकोल्याहून, मित्र बडनेऱ्याला गाडीत चढला. तो मित्र आता अमरावतीत, राजकमल चौकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहतो. महिनाभराने मी त्यांच्याकडे गेलो. या वेळी मोबाइल खिशातच ठेवला. विचारलं फक्त इतकंच : “तुम्ही नागपूरला टेस्ट पाहायला गेलात, तो प्रवास सांगता का?”

त्यांनी तिकिटाचे पैसे कसे जमवले ते सांगितलं. घरी काय थाप मारली ते सांगितलं. रात्री फलाटावर झोपले ते सांगितलं. मग स्वतःहूनच म्हणाले, “दुराणीसाठी गेलो होतो आम्ही. आपल्याकडं पहिल्यांदा टेस्ट आली, आतातरी घेतील त्याला असं वाटत होतं. घेतलंच नाही. आणि मॅचबी हरले.”

मग जरा हसले. “घरी आलो तर चौकातले सगळे पोट्टे वाट पाहत. दुराणी पाह्यला का? आता पैसे खर्च करून, मार खायची तयारी ठेवून गेलो, आन् पाह्यला नाही असं कसं सांगावं? तो अकोलेवाला म्हणे, पाह्यला. मीबी म्हटलं, पाह्यला. षटकार त्यानंच मारला,” म्हणजे मित्रानं, “मी फक्त मान हलवली.”

मी वहीतला ‘अविश्वसनीय’ हा शेरा तिथेच खोडला.

चुकीची आठवण काय सांगते?

इटलीचा इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली याचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात येईल. तेर्नी या पोलाद-कारखान्यांच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ ला पोलिसांबरोबरच्या चकमकीत मारला गेला. कामगार नाटो कराराच्या विरोधातल्या सभेला निघाले होते. पुढे पोर्तेल्लीने मुलाखती घेतल्या तेव्हा अनेक जुने कामगार ठामपणे सांगत होते की तो मेला १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात. कागद सरळ सांगत होते की हे चूक आहे. पोर्तेल्लीने ती चूक फेकून दिली नाही. त्याने विचारलं, इतकी माणसं एकाच दिशेने का चुकतात? त्याचं उत्तर असं की १९५३ ची कपात हा गावाचा मोठा अपमान होता, आणि एका सहकाऱ्याचं मरण त्या मोठ्या लढ्याशी जोडल्याशिवाय लोकांना त्याचा अर्थ लागत नव्हता. त्याचा मुद्दा हा की चूक हीसुद्धा माहिती असते. ती घटनेबद्दल कमी सांगते, घटनेच्या अर्थाबद्दल जास्त.

आता नागपूरचा षटकार या नजरेने पाहा. तो १९६९ च्या सामन्याचा पुरावा नाही, हे आपण सिद्ध केलं आणि ते करायलाच हवं होतं. पण तो दुसऱ्या तीन गोष्टींचा पुरावा आहे. एक, अकोल्या-अमरावतीची विशीतली मुलं संघात नसलेल्या खेळाडूसाठी घरी खोटं बोलून नागपूर गाठत होती. दोन, निवड समितीवरचा राग फक्त शहरांतल्या पाट्यांवर नव्हता, तो वऱ्हाडातल्या चौकांतही होता. फक्त इथे त्याने वेगळं रूप घेतलं. मुंबईकरांना दुराणी दोनदा तरी मिळाला, पहिल्या आणि शेवटच्या कसोटीत. इथल्यांना कसोटीत एकदाही नाही. मग त्यांनी स्वतःच त्याला संघात घेतलं. तीन, रेडिओवर ऐकलेले षटकार इतके स्पष्ट ‘दिसत’ होते की त्यातला एक उचलून नागपूरच्या मैदानावर नेणं अवघड गेलं नाही.

यातलं काहीही धावफलकात नाही. “त्या कागदात आमचं नाव हाये का?” हा प्रश्न काकाजींनी रागाने विचारला होता. माझ्या प्रबंधाचा विषय मात्र नेमका तोच आहे, आणि दोन वर्षं वाचन करून तो मला इतक्या नेमक्या शब्दांत मांडता आला नव्हता.

एक धोका सांगतो. याचा अर्थ ‘आठवण म्हणजेच सत्य, तपासायची गरज नाही’ असा बिलकूल काढू नका. धावफलक पाहिला नसता तर मी ‘१९६९ मध्ये नागपुरात दुराणीने षटकार मारला’ असं प्रबंधात छापून मोकळा झालो असतो. चूक आहे हे आधी कळलं, म्हणूनच चुकीचा अर्थ शोधता आला. तपासणी हवीच. फक्त ती सांगणाऱ्याच्या तोंडावर करायची नाही, आणि तपासणी झाली म्हणजे काम संपलं असंही समजायचं नाही.

मग काकाजींचं काय?

हा प्रश्न नीतीचा आहे, आणि तुमच्या मार्गदर्शकांशी यावर आधीच बोलून घ्या. अमरावतीच्या मित्राने मला जे सांगितलं ते काकाजींना सांगायचं का? चोपन्न वर्षं जी आठवण त्यांनी जपली, ती एका पीएचडीसाठी मोडायचा मला अधिकार आहे का? मित्राची संमती मी घेतली. ते म्हणाले, “छाप, पण त्याला आधी वाचून दाखव.”

मग मी पुन्हा अकोल्याला गेलो. आधी माफी मागितली. मग या लेखाचा कच्चा मजकूर पूर्ण वाचून दाखवला, मित्राच्या बोलण्यासकट. काकाजींनी ऐकून घेतलं. बराच वेळ बोलले नाहीत. मित्र खोटं बोलतो असंही म्हणाले नाहीत आणि खरं बोलतो असंही नाही. शेवटी म्हणाले, “लिही. पण त्यानं मले पाह्यलं होतं, हे काढू नोको.”

काढलेलं नाही. वर आहे तसंच आहे.

२०११ मध्ये दुराणीला सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. नायडू जन्माने नागपूरचे. तेव्हा वऱ्हाडातला हा जुना हिशेब कुणाच्या मनात आला असेल का, हे मला पुढच्या मुलाखतींत विचारायचं आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

१. घरातल्या किंवा गल्लीतल्या साठीपुढच्या एका माणसाला त्यांच्या आवडत्या खेळाडूबद्दल, गायकाबद्दल किंवा नटाबद्दल विचारा. खरं-खोटं मध्ये आणू नका. ‘कुठे पाहिलं, सोबत कोण होतं, कसे गेलात, परत आल्यावर घरी काय सांगितलं’ एवढंच विचारा. प्रवास विचारला की माणूस खरं सांगतो.

२. घरी येऊन त्यातल्या तारखा आणि ठिकाणं तपासा. ‘नो दुराणी, नो टेस्ट’च्या पाट्या नक्की कुठे आणि कोणत्या दिवशी लागल्या, हे शोधायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी १९७३ ची वर्तमानपत्रं स्वतः काढून पाहा, नंतरच्या लेखांवर जाऊ नका.

३. जिथे आठवण आणि कागद जुळत नाहीत तिथे ‘चूक’ असं लिहून थांबू नका. पुढे लिहा : ‘याच दिशेने का चुकली?’

४. त्याच घटनेचा दुसरा साक्षीदार शोधा. तो बहुतेक वेळा पहिल्याच्याच बोलण्यात सापडतो.

५. मुलाखतीत सांगणाऱ्याला खोटं पाडायची इच्छा झाली तर मोबाइल खिशात ठेवा आणि अजून एक चहा सांगा.

तुमच्या मुलाखतीत काय निघालं ते कळवा. पुढच्या वेळी संमतीपत्र मराठीत कसं लिहायचं, ते नमुन्यासह पाहू.